सहापैकी सहा

कागदावर तिरकी रेघ आणि तिच्या अलीकडे-पलीकडे आकडे दिसले की मराठी माणूस टक्के काढायला घेतो. शाळा सुटते, निकाल सुटत नाही. म्हणून डोळे तपासल्याच्या चिठ्ठीवर ६/६ आलं की पेढे, ६/१२ म्हणजे काठावर पास आणि ६/६० आलं की घरात थेट दहा टक्केवाल्याची वागणूक. या हिशेबाला सुरुंग लावतं ते ६/५. पुष्कळ निरोगी तरुण डोळ्यांना ते सहज जमतं. पण पाचपैकी सहा गुण द्यायची छाती आपल्याकडे तोंडी परीक्षेतही कोणाला झालेली नाही. कारण हे गुण नाहीतच, ही अंतरं आहेत. हेर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता काढला, त्याचा हा हिशेब. वरचा आकडा म्हणजे तुम्ही किती मीटरवरून वाचलंत, खालचा म्हणजे तीच ओळ निकोप नजर किती मीटरवरून वाचते. ६/१२ म्हणजे अर्धी नजर गेली असं नव्हे. इतरांना बारा मीटरवरून दिसणारी पाटी तुम्हाला सहा मीटरवर जाऊन वाचावी लागते. पाटी बसची असेल तर ते अंतर धावत काटावं लागतं, एवढंच. आणि अमेरिकेतल्या भाच्याला २०/२० मिळाले म्हणून खचू नका, तिकडे फुटांत मोजतात.

चष्म्याच्या नंबराचंही तेच. उणे दोन म्हणजे दोन गुण कापले नाहीत. एकाला दोनाने भागा: चष्म्याविना अर्ध्या मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. उणे चार असेल तर पाव मीटर. ‘अ‍ॅक्सिस १८०’ वाचून ज्यांना रक्तदाब आठवतो त्यांनी शांत व्हावं. सिलिंडरचा नंबर काचेत कोणत्या कोनात बसवायचा, एवढंच तो सांगतो. ‘अ‍ॅड’ची उकल तर आपल्या भाषेने केव्हाच केली आहे, जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणून. वय चोरणाऱ्यांची इतकी पंचाईत दुसऱ्या कुठल्या शब्दाने केली नसेल.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टरांना कळतं, चष्मेवाल्याला कळतं, मग आम्ही कशाला भागाकार करायचे? म्हणणं रास्त आहे. पण त्या आकड्यांवर आनंद आणि सुतक दोन्ही तुम्हीच करता ना! सत्तरीतले आजोबा एकाएकी चाळिशीविना पेपर वाचू लागतात आणि घरभर ‘नंबर उतरला’ म्हणून कौतुक होतं. पुष्कळदा तो पिकत चाललेला मोतीबिंदू असतो: डोळ्यातलं भिंग दाट होतं, जवळचं साफ दिसतं आणि लांबचं धूसर. काचबिंदू तर त्याहून लबाड. तो बहुधा कडेची नजर कुरतडत आत येतो आणि मधली शाबूत आहे तोवर माणूस तक्त्यावर खुशाल ६/६ काढतो. मागच्या दाराने भांडी चालली आहेत आणि पुढच्या दाराला तोरण! मग ६/६ला किंमतच नाही का? आहे की, तक्त्यापुरती. तेव्हा पुढच्या वेळी ते ऐकून खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच: डोळ्यातला दाब किती आहे, आणि मागची नस पाहिलीत का?