रात्री साडेनऊला वीज तोडणाऱ्यास

केज, जि. बीड

तुला नमस्कार लिहीत नाही. तुझं नाव माहीत नाही, पत्ता नाही, आणि ज्या नंबरवरून तू मेसेज धाडलास तो दुसऱ्याच दिवशी बंद लागला. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा.’ आमच्या शेजारच्या काकांना हा मेसेज दिवेलागणीला आला. बिल भरलेलं होतं, पावती घरात होती. तरी त्यांनी फोन लावला. इथं डीपी जळाली की नवी येईपर्यंत पीक वाळतं. रात्रीची थ्री फेज आली की बॅटरी घेऊन, इंचूकाट्यातून मोटर चालू करायला जावं लागतं. ज्याला वीज इतक्या हालानं मिळते, तो ती तुटेल या धास्तीनं कुणालाही फोन करील. तू नेमकी हीच धास्ती हेरलीस.

काका तुला फोनवर ‘साहेब’ म्हणत होते. तू त्यांना एक अ‍ॅप घ्यायला लावलंस आणि फक्त दहा रुपये भरा म्हणालास. त्या अ‍ॅपमधून त्यांच्या फोनवरचं सगळं तुला तिकडं दिसत होतं, पिन आणि ओटीपीसुद्धा. सोयाबीनची पट्टी चारच दिवसांपूर्वी खात्यात पडली होती. ती गेली. लाईट मात्र साडेनऊलाही होती आणि रात्रभर होती.

वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की थकबाकी असली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. महावितरण कुणाच्या खासगी नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ असतं. हे दोन नियम प्रत्येक चावडीवर मोठ्या अक्षरांत लावले असते, तर काकांनी तुझा फोन फिरवलाच नसता. आमची ही चूक मी मान्य करतो. त्यानं तुझा गुन्हा हलका होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

विजेवर सायबर घाला पडू शकतो, ही धास्ती सरकारलाही होती. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यामागे सायबर घातपात असावा, असं राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती माणसाची चूक ठरवली. वाद मिटला नाही, पण २०२१ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणानं नियम घातले: वीज चालवणारी यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवा, प्रत्येक कंपनीत सायबर सुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमा. हे कुंपण उपकेंद्राला पडलं. काकांच्या खिशातला फोन त्याच्या बाहेरच राहिला, आणि तू तिथून शिरलास.

पट्टीचे पैसे काका पुढच्या हंगामात पुन्हा उभे करतील. परवा महावितरणचा खरा मेसेज आला होता, दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार म्हणून. काकांनी तो न वाचताच पुसून टाकला. मग भर उन्हात दळणाचा डबा डोक्यावर घेऊन ते गिरणीपर्यंत गेले, आणि तसाच भरला डबा घेऊन परत आले.