धार आणि शेजार

निवृत्त माणसाने छंद कोणता धरावा, याबद्दल आमच्या सोसायटीत पूर्ण एकमत आहे: ज्याचा आवाज होत नाही, तो. त्यामुळे मी लाकडात कोरीवकाम करणार हे कळल्यावर दोन-चार कपाळांना आठ्या पडल्या. त्यांची भीती अनाठायी होती. या छंदात ठोकाठोकीची पाळी फार उशिरा येते. आधी पटाश्या निवडायच्या असतात, आणि त्यात निवृत्तीनंतरची बरीचशी वर्षं बिनआवाज निघून जातात.

बोहरी आळीतल्या दुकानदाराच्या लेखी पटाश्यांच्या जाती दोनच, चपटी आणि गोल. 'गोल द्या' म्हटलं की तो 'केवढी?' म्हणून विचारतो आणि उत्तर इंचात मागतो. खरी भानगड त्याच्या पुढची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शेफील्डच्या हत्यारवाल्यांनी कोरीवकामाच्या पटाश्यांना नंबर दिले, त्याच पद्धतीवर जग अजून चालतं. हा नंबर रुंदीचा नसतो, पात्याच्या बाकाचा असतो. १ म्हणजे सपाट. ३ चा बाक इतका मंद, की पट्टी टेकवल्याशिवाय नजरेत भरत नाही. ९ म्हणजे जवळजवळ अर्धवर्तुळ. आता २ हा १ आणि ३ च्या मधला असणार, असं कोणताही सज्जन माणूस समजेल. पण शेफील्डचा २ म्हणजे तिरक्या धारेची सपाट पटाशी! शिवाय इंग्रजी ७ आणि स्विस ७ यांचा बाक जुळेलच असं नाही. ज्याने सदाशिव पेठेत घरनंबरावरून घर शोधलंय, तो हे फारसं मनाला लावून घेत नाही.

मग प्रत्येक बाकाच्या डझनभर रुंद्या, त्यातून सरळ दांड्याची, वाकड्या दांड्याची, नुसतं टोक वळलेली. लाकडी पेटीतला चकचकीत संच पाहून जीव वरखाली होतो. पण जाणकार सांगतात, संच घेऊ नका. एक ३, एक ५ किंवा ७, एक खोल ९ आणि एक व्ही आकाराची, एवढ्यावर सुरुवात होते. संचातल्या बाकीच्या पटाश्या पाहुण्यांना दाखवण्यापुरत्या असतात, आणि पाहुणे त्यांना हात लावतात.

एवढं करून पटाशी घरी आली, तरी तिला कामाची धार असतेच असं नाही. बऱ्याच नव्या पटाश्यांची धार आपली आपणच शेवटास न्यायची असते. त्यात लाकडाची अडचण. इंग्रजी पुस्तकं म्हणतात, लाइमच्या लाकडावर शिका. ते इथे कोण देतो? आपल्याकडे शिवण मऊ आणि गुणी आहे, पण नातेवाईक जुना वाडा पाडतात आणि भेट म्हणून देतात सागवानी चौकट. सागाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात. कमळाची पाकळी दोन बोटं पुढे सरकते तोच धार बोथटते.

धार लावायच्या साधनांतही गरीब-श्रीमंत आहेत. साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतो. क्षणभर लक्ष हललं की कड निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. स्वीडनच्या टॉर्मेकचं २५० मिलिमीटर व्यासाचं चाक पाण्यात बुडून मिनिटाला फक्त ९० फेरे घेतं. त्या यंत्राची किंमत ऐकून मात्र माणूसच निळा पडतो. तिसरा मार्ग हाताचा: १००० आणि ६००० नंबरचे दोन पाणदगड, आतल्या बाजूसाठी गोल कडेचा स्लिपस्टोन आणि हिरवी पेस्ट चोळलेला चामड्याचा पट्टा.

काम मोठं गोड आहे. पटाशीचा उतार दगडाला चिकटवायचा आणि मनगट वळवत सगळा बाक दगडावरून न्यायचा. आतल्या कडेला नखाला अडखळेल अशी बारीक बर आली, की बाहेरचं काम झालं. मग स्लिपस्टोनने ती आतून काढायची आणि पट्ट्यावरून पटाशी फक्त मागे ओढायची. पुढे ढकलली तर पट्टाच कोरला जातो. परीक्षा पाइनच्या तुकड्यावर, रेषांना आडवी. चर आरशासारखा चमकला तर उत्तीर्ण. त्यात एक पांढरी रेघ दिसली तरी धारेत कुठे तरी खाच आहे, पुन्हा पहिल्यापासून.

हे बाल्कनीत चालत असल्याने बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा कात्री आली. मग अडकित्ता. मग कोणाच्या तरी सासूबाईंची पितळी मुठीची विळी, 'जरा हात फिरवा' म्हणून. टेबलावर माझं अर्धं कोरलेलं कमळ असतं. ते उचलून एका गृहस्थांनी 'कोबी छान जमलाय' म्हटलं आणि खिशातून चाकू काढला.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खवणी घेऊन आल्या. खवणीला धार लावून देणारा पूर्वी दारावर यायचा, आता येत नाही. मी स्लिपस्टोन लावून पाहिला. ९ नंबरच्या पोटासाठी घेतलेली त्याची कड खवणीच्या दोन दातांमधल्या खाचेत अगदी मापात बसली. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, रात्री घरी एकवीस मोदक आले.

दगडाचे पैसे वसूल झाले. पटाश्यांचे कमळाकडून येणं आहे.