कोपरात वाक पाहिजे

आण्णा माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, कोपराकडे पाहतात. तुम्ही गाडीचा स्टँड लावेपर्यंत त्यांचं निदान झालेलं असतं. "का हो, खांदे भरून येतेत ना? करंगळीला मुंग्या?" मुंग्या कोणाला कधी आल्या नाहीत? आपण हो म्हणतो आणि सापडतो. "मग! कंपनीचं हँडल हाय ते. कंपनीनं काय तुमचं माप घेतलं होतं?"

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ, पण असे आण्णा बाजाराच्या प्रत्येक गावाला एक तरी आहेत. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे नाना, तर कुठे मामा. पेशा कोणताही चालतो. कोणी निवृत्त मास्तर, कोणी विमा एजंट, कोणी साखर कारखान्यात स्लिपबॉय म्हणून जन्म काढलेला. वय पन्नाशीच्या पुढे, गाडी शंभर सीसीची, पासिंग एमएच 25, आणि त्या गाडीला शोरूममधून आलेलं हँडल सोडून बाकी सगळं आहे.

शास्त्र त्यांचं पक्कं असतं. बूड, पाय आणि पंजे हे तीन टेकू. सीट आणि फुटरेस जागचे हलत नाहीत. हलतं फक्त हँडल. म्हणून माणसाच्या पाठीचं भलं करायचं तर हँडलच उचललं पाहिजे, मागं घेतलं पाहिजे. कोपरात वाक पाहिजे, मनगट सरळ पाहिजे, शरीराचा भार तळहातांवर येता कामा नये. खरी पंचाईत अशी की यातलं एक अक्षरही खोटं नाही. मनगट मुडपून तासभर गाडी चालवली की तळहातातली नस दबते आणि बोटं बधिर होतात, हे डॉक्टरही सांगतील. फक्त डॉक्टर एवढं सांगून थांबतात.

हेच आण्णा विशीत असताना मात्र शास्त्र उलटं होतं. 1985 साली यामाहाची आरएक्स 100 आली आणि पुढे तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी मित्राच्या आरेक्सचं हँडल काढून सपाट दांडी बसवली होती. हनुवटी स्पीडोमीटरला लागली पाहिजे, हाच तेव्हाचा नियम. त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी लंडनच्या हॉटेलांपुढची पोरंही हेच करत होती, हे आण्णांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वय तेच असलं की अक्कलही तीच सुचते. मग लग्न झालं. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "असं वाकून चालवणार असाल तर मी एष्टीनं येते." सपाट दांडी गेली, पुढं स्वतःची गाडी आली आणि तिच्यावर कंपनीचं हँडल नांदलं. पन्नाशीनंतर कमरेनं तक्रार केली आणि हँडल वर चढू लागलं. आधार कार्ड न बघता नुसत्या हँडलच्या उंचीवरून माणसाचं जन्मसाल काढता येतं, असा माझा अंदाज आहे आणि तो फारसा चुकत नाही. आण्णांचं सध्याचं हँडल इतकं उंच आणि मागं वळलेलं आहे की ते पंढरपुरी म्हशीची शिंगं धरून बसल्यासारखे दिसतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हँडल खांद्यांच्या वर नेऊ नये असा कायदाच आहे. आण्णा तिकडे जाणार नाहीत, हे दोन्ही देशांचं नशीब.

आपल्याकडे कायद्याचा विषय काढला तर ते खिशातून आरसी काढतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करू नये. "दाखवा, यात हँडलचा रकाना कुठं हाय?" चौकातल्या शिपायाला फटफट वाजणारे सायलेन्सर पकडायचे असतात, तो हँडलवर वाद घालत नाही.

खरा सोहळा गॅरेजात. हँडल बदलणं म्हणजे चार बोल्ट, असं आण्णा सांगतात. बोल्ट चारच असतात, तेही खरं. पाइपही बहुतेक गाड्यांना तोच, 22 मिलिमीटर जाडीचा. त्यामुळं कुणाचंही कुणालाही बसतं. पण हँडल वर गेलं की त्याला बांधलेलं सगळं गणगोत वर ओढलं जातं. क्लचची वायर तोकडी पडते आणि दाबला नसताना क्लच अर्धा दाबल्यासारखा राहतो. रेसची वायर ताणते, मग डावीकडं पूर्ण वळवलं की गाडी आपोआप रेस होते. ऐन बाजारात, भाजीच्या पाट्यांसमोर. स्विचच्या डब्यात आतून एक खुंटी असते, ती पाइपाच्या भोकात बसते. नव्या पाइपाला भोकच नसतं. मिस्त्री खुंटी घासून टाकतो आणि तेव्हापासून आण्णांनी हॉर्न दाबला की हॉर्न वाजण्याऐवजी डबाच गोल फिरतो. वायरिंग आखूड पडल्यानं उजवीकडं पूर्ण वळवलं की हेडलाइट जातो. आण्णांचा यावर उपाय आहे: ते रात्री उजवीकडं वळतच नाहीत. शेतातून घरी यायला गावाला डावा वळसा घालतात. वेळ जास्त लागतो, पण पाठ ताठ राहते.

एवढं सगळं करून त्या तीन टेकूंच्या त्रिकोणात बसतं कोण? धाराशिव जिल्ह्यात मोटारसायकलवर एकटा माणूस बसलाय, हे दृश्य फक्त गाडीच्या जाहिरातीत. मृगात आण्णांच्या टाकीवर सोयाबीनच्या बियाण्याची बॅग असते, तिच्या मागं आण्णा, मागं काकू आडव्या, मधे नातू, आणि शास्त्रोक्त उंचीच्या हँडलला दोन्हीकडं पिशव्या. येरमाळ्याच्या यात्रेहून येताना बॅगेच्या जागी शेळीचं करडू होतं. (जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे.) कोपरात जिथं वाक पाहिजे, बरोबर तिथं करडाचं डोकं. मी विचारलं, "आण्णा, आता कोनाचं काय?" म्हणाले, "करडू उतरलं की कोन हायच की."

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत माणसांची रीघ लागते, कितीतरी जण अनवाणी. आण्णा रस्त्याकडेला चहा वाटायला उभे होते. पन्नासेक हजार पावलं चालून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या ताठ पाठीकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काही उमगणार. तर म्हणाले, "बगा, हातात हँडल नाही तरी कोपरात वाक हाय."

गॅरेजचा मिस्त्री मात्र वस्ताद. आण्णांनी पाठवलेलं गिऱ्हाईक आलं की तो नवं हँडल काढतच नाही. तेच चार बोल्ट सैल करतो, कंपनीचंच हँडल बोटभर मागं कलवतो, ब्रेक-क्लचचे लिव्हर जरा खाली फिरवतो. मग गिऱ्हाइकाला डोळे मिटून हात पुढं करायला लावतो. बोटं जिथं पडतील तिथं लिव्हर कसतो. दहा मिनिटांचं काम, चहाचे पैसे. दहातल्या नऊ जणांच्या मुंग्या तिथंच थांबतात आणि ते येऊन आण्णांचे पाय धरतात. मिस्त्री यावर बोलत नाही. आण्णा म्हणजे त्याची जाहिरात आहे, आणि ती फुकट आहे.

त्यांना न मानणारा जिल्ह्यात एकच, त्यांचा स्वतःचा मुलगा. पुण्यात नोकरीला, गाडी आर फिफ्टीन. तिचं हँडल टाकीच्या आसपासच कुठंतरी असतं. दिवाळीला टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करत अडीचशेच्या आसपास किलोमीटर वाकून यायचा आणि अंगणात उतरताना सरळ व्हायला वेळ घ्यायचा. "बसलास कसा रं?" म्हटलं की "स्पोर्टी आहे, आण्णा, तुम्हाला नाही कळायचं."

मागच्या महिन्यात त्याचं लग्न झालं. परवा आण्णा हॉटेलात बसलेले असताना त्याचा फोन आला. आवाज अगदी खाली. त्याच कंपनीच्या एमटी फिफ्टीनचं हँडल आपल्या गाडीला बसतं का, असं विचारत होता. आण्णांनी कप खाली ठेवला. "नुसतं हँडल न्हाई बसत, वरची टी पण बदलावी लागंल," एवढं ते मन लावून म्हणाले. मग फोनचा स्पीकर चालू करून तो टेबलाच्या मधोमध ठेवला, वडे तळणाऱ्या पोऱ्याला झारा थांबवायला सांगितला आणि म्हणाले, "हां, आता बोल. काय म्हणलास? जरा मोठ्यानं, इथं रेंज न्हाई."