प्रकल्पाची प्रत बाइंडिंगला गेली आहे

बी.एस्सी.च्या मुलांनी संशोधन करावे, असे आता सरकारचेच म्हणणे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत 'संशोधनासह ऑनर्स' असा एक रस्ता काढला. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याने चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली 12 क्रेडिटचा प्रकल्प करायचा. त्याआधी फील्ड प्रोजेक्ट वेगळा, ऑन जॉब ट्रेनिंग वेगळे. धोरणाविषयी माझी काही तक्रार नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या सगळ्या तक्रारी धोरणापेक्षा बऱ्याच लहान आहेत. उदाहरणार्थ, चाबी.

रसायनांच्या कपाटाची चाबी परिचर भाऊंकडे असते. भाऊ परीक्षा विभागात असतात, कारण तिथले पद रिक्त आहे. प्रकल्पवाली मुलगी दुपारी येते तेव्हा ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत असतात, आणि मोजणी मध्येच सोडली तर पुन्हा एकपासून सुरू करावी लागते. "थांब ना बाई थोडं," असे ते म्हणतात. ती थांबते. तिच्या गावाची शेवटची एसटी थांबत नाही.

कपाट उघडले तरी डिस्टिल्ड वॉटर असतेच असे नाही. ते गाळायला वीज आणि पाणी एकाच वेळी लागते, आणि आमच्याकडे ही दोघे एकमेकांची वेळ चुकवून येतात.

खरे तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषय शोधायला या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. पांढरकवडा, झरी जामणी या बाजूला बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाले तर काय होते, ते त्या गावांतली माणसे हसली की दिसते. वणीकडे कोळसा आहे, राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसवर माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पोचली. फवारणीची ती औषधे कोणत्या गटातली, अंगावरच्या कपड्यात किती मुरतात, धुतल्यावर किती उरतात, हे सगळे प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हाताळता येण्यासारखे आहेत. ज्या मुलाच्या घरी पंप आहे, त्याला तर ते समजावूनही सांगावे लागत नाहीत.

तर या मुलाच्या प्रकल्पाचे शीर्षक काय असते? 'जलप्रदूषण : एक जागतिक समस्या'. त्यात टेम्स नदी असते, मिनामाटाचा पारा असतो. मी म्हटले, "अरे, तुझ्या गावच्या बोअरचं काय?" तो म्हणाला, "सर, त्याचं नेटवर काहीच भेटत नाही." हे त्याचे अगदी बरोबर होते. म्हणूनच त्या कामाला संशोधन म्हणतात, असे मला सांगायचे होते, पण तेवढे बोलायच्या आत पुढच्या तासाची घंटा झाली.

फ्लोराईड मोजायला एक इलेक्ट्रोड मिळतो. तो घ्यायचा तर तीन कोटेशन लागतात. तीन विक्रेत्यांपैकी एकाचेच कोटेशन वेळेत येते. उरलेली दोनही तोच आणून देतो. मग खरेदी समिती, मग मार्च अखेर, मग 'पुढच्या वर्षी बघू'. त्याऐवजी रंगाच्या फरकावरून मोजता येते, झिर्कोनियम आणि रंगद्रव्याची जुनी पद्धत आहे. त्यासाठी कलरीमीटर लागतो. कलरीमीटर आमच्याकडे आहे. त्याचा बल्ब नाही. बल्ब ही वस्तू उपकरणात मोडते की किरकोळ खर्चात, याचा निर्णय कार्यालयात प्रलंबित आहे.

आता हवामान. पुस्तकातले सगळे स्थिरांक 25 अंशांचे असतात. घनता, श्यानता, ध्वनीचा द्रावणातला वेग, जे काही आमच्या भागातल्या पिढ्यांनी मोजले ते 298 केल्विनला मोजायचे असते. यवतमाळात मे महिन्यात पारा 44च्या आसपास असतो. आमचा वॉटर बाथ पाणी तापवतो. गार करण्याची सोय त्यात नाही. ईथर 34.6 अंशांना उकळते, म्हणजे उन्हाळ्यात ते बाटलीतून ओतायच्या आधीच त्याचा प्रयोग सुरू झालेला असतो. मुलांना सलग वेळ मिळतो तो मात्र नेमका उन्हाळ्यातच. हिवाळ्यात हवा चांगली असते, तेव्हा विद्यापीठाची परीक्षा असते.

देशातल्या विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. दोन महिने मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळते, वर विद्यावेतन. उत्तम योजना. तिला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. आमच्याकडची रीत अशी, की शिक्षक म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मराठी माध्यमातून आलेली, स्वतःविषयी चार वाक्ये बोलायला लाजणारी मुलगी स्वतःची इंग्रजीतून स्तुती लिहायला बसते. 'मुलगी नियमित आहे' यापलीकडे तिची मजल जात नाही.

बाकी, मार्गदर्शक म्हणजे कोण? विभागात मंजूर पदे आहेत, त्यातली काही भरलेली आहेत आणि उरलेले काम तासिका तत्त्वावरचे सर करतात. मुले प्रश्न त्यांनाच विचारतात, कारण ते प्रयोगशाळेत सापडतात. त्यांना मानधन तासाचे मिळते, आणि मुलाबरोबर ब्युरेटसमोर उभे राहणे हा तास धरत नाहीत. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून अर्थातच माझे नाव असते.

अमेरिकेत ओबर्लिन नावाच्या लहान कॉलेजात फ्रँक ज्यूएट नावाचे प्राध्यापक होते. अॅल्युमिनियम स्वस्तात काढणारा माणूस श्रीमंत होईल, असे त्यांनी वर्गात सांगितले. चार्ल्स हॉल या विद्यार्थ्याने ते मनावर घेतले. ज्यूएटनी त्याला आपली प्रयोगशाळा वापरू दिली, साहित्य दिले. पदवीनंतरच्या वर्षी, 23 फेब्रुवारी 1886 रोजी, घरामागच्या लाकडाच्या खोपीत त्याने वितळलेल्या क्रायोलाईटमधून वीज सोडून अॅल्युमिनियमचे गोळे काढले आणि ते सरांना नेऊन दाखवले. त्याच्या तीस वर्षे आधी लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा ईस्टरच्या सुट्टीत क्विनाइन करायला गेला आणि जांभळा रंग करून बसला. तोही घरीच. या गोष्टी मी मुलांना सांगतो. व्यवस्थापनाला सांगत नाही. दोघांनीही काम घरी केले हे कळले तर आहे ती प्रयोगशाळाही जायची. क्रायोलाईट हेही फ्लोराईडच, हे जाता जाता सांगतो.

आणखी एक जुने दुखणे. पाण्यातले फ्लोराईड तुरटी आणि चुन्याने काढण्याची पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवली. नागपूर आमच्या उशाशी, चुना आमच्या राजूरचा, फ्लोराईड आमच्या पांढरकवड्याचे. पद्धतीला नाव मिळाले तेलंगणातल्या नलगोंड्याचे.

जिथे काहीच अडत नाही, अशीही एक गोष्ट आहे. फोटो. मुलगी पिपेट धरून उभी आहे, मी तिच्याकडे पाहतो आहे, खाली अक्षांश-रेखांश. जिओटॅग फोटोशिवाय नॅकच्या फाइलला अर्थ नसतो. पिपेट रिकामी असली तरी अक्षांश बरोबर येतो. बाइंडिंगही वेळेवर होते. 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा 2006 पासून चालू आहे, त्यात पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो. तिचे पोस्टर वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा भाऊ एका रात्रीत छापून देतो. कॅल्शियमच्या डोक्यावरचे दोन प्लस तो हमखास खाली आणतो. आणि मागच्या खेपेला त्याने न विचारता कोपऱ्यात 'शुभेच्छुक' टाकले होते.

यंदाचे प्रकल्प सुरू होत आहेत. ज्यांचे गाव झरी, मारेगाव, केळापूर भागात आहे, त्या विद्यार्थ्यांनी येताना आपल्या बोअरचे लिटरभर पाणी आणावे. बाटली प्लास्टिकची असावी, त्याच पाण्याने आधी दोन-तीनदा खळबळून घेतलेली. काचेची आणू नये. फ्लोराईड काचेला धरते आणि आकडा कमी येतो. बाटलीवर गावाचे नाव, बोअरची खोली आणि तारीख पेन्सिलने लिहावी. बल्बचे मी बघतो.