वरच्या दरबारातली आजी

गासपासून आगाशीपर्यंत वसईच्या कुठल्याही जुन्या घरासमोरून जा, ओट्यावर एक आजी बसलेली असायची. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, हातात रोझरी, ओठ हलते आणि डोळे रस्त्यावर. रविवारी साडेसातच्या मिस्साला न जाता कोण स्टेशनकडे निघालंय, याची नोंद ती नमो मरियेचा एकही मणी न चुकवता घेई. आता अशा आज्या थोड्या उरल्यात. आमचीही गेली. म्हणून हे लिहितोय, आणि ती गेल्यामुळेच लिहायची हिंमत होतेय.

पोर्तुगीज 1534 साली वसईत आले आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं. जाताना ते किल्ला, आडनावं आणि संत एवढं मागे ठेवून गेले. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे गेला. संत आजीकडे आले.

संतांशी तिचं वागणं भक्तीचं होतं, पण हिशेबाचंही होतं. कुणाकडे कुठलं खातं, हे तिला तोंडपाठ. हरवलेल्या वस्तू संत आंतोनकडे, डोळे संत लुसीकडे, घसा संत ब्लेजकडे आणि सगळे दरवाजे बंद झाले की संत ज्यूड. नातवाच्या कॅनडाच्या व्हिसासाठी मात्र तिनं गोन्सालो गार्सियाला धरलं. तो मूळचा वसईचा, 1597 साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला आणि 1862 साली संत झाला. आजीचा युक्तिवाद साधा होता: "आपल्या गावचा पोरगा. त्या काळात जपानला गेला. कागदपत्रांचं त्याला कळणारच." व्हिसा आला. एजंटनं आपल्या फीमध्ये संताचा वाटा धरला नव्हता, हे तिला खटकलं.

काम अडलं की मात्र ती ऐकून घेत नसे. एकदा कानातलं हरवलं. आठवडाभर प्रार्थना करूनही सापडेना, तेव्हा तिनं आंतोनचा पुतळा उचलला आणि बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर नेऊन ठेवला. "उद्यापर्यंत. नाहीतर आत." कानातलं संध्याकाळी पिठाच्या डब्यात निघालं. पुतळा परत आला, त्याला धुऊन-पुसून मेणबत्ती लावली गेली, पण माफी कुणी कुणाची मागितली ते कळलं नाही.

उमेदीच्या काळात ती दादरला भाजी विकायला जायची. पहाटेची गाडी, बायकांचा डबा, टोपली पायाशी. नायगाव सुटलं की रोझरीचं पहिलं दशक सुरू. भाईंदरच्या खाडीवर शेजारच्या बाया पाण्यात नाणी टाकून हात जोडत, तेव्हा ही क्षणभर थांबे. त्यांचं होऊ दिलं की पुढे. पाच दशकं आणि सुरुवातीचे तीन मणी मिळून नमो मरिया त्रेपन्न, पण घरच्या रोझरीला त्रेपन्नावर भागत नसे. शेवटी मृतांची यादी लागे. आजोबा, त्यांचे भाऊ, शेजारची म्हातारी, एक जुने फादर, शिवाय जिच्याशी बांधावरून वीस वर्षं अबोला होता ती जाऊबाई. प्रत्येकाला एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. गुडघे आमचे दुखत, मुक्ती त्यांना मिळे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं वाढवून गुरुवारला दिली, तेव्हा मुलांच्या पोटात गोळा आला. आजी खूश होती. पोप आपल्यासारखाच विचार करतो, असं तिचं मत झालं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला. आम्हाला वाटायचं, तिला बरं वाटलं असेल. ती म्हणाली, "पूर्वी फादर पाठ करून लॅटिन बोलत. मी तेवढ्यात दुपारच्या कालवणाचं ठरवून टाकी. आता समोर तोंड करून मराठीत बोलतात. लक्ष द्यावं लागतं." लक्ष ती देई, इतकं की प्रवचन लांबलं तर बाहेर आल्यावर फादरना सांगे. नवे फादर तिला घाबरत. जुने फादर तिच्याकडे जेवायला येत, म्हणजे ते जास्त घाबरत असावेत.

जेवणाचं शास्त्र मात्र कडक होतं. शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यात तडजोड नाही. मासळीला चर्चची सूट आहे, हा मुद्दा ती मोठ्या कोळंबीच्या कालवणासह मांडत असे. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे जास्त का येत, याचं उत्तर तिथं आहे.

कोविडमध्ये चर्च बंद झालं, तेव्हा मिस्सा टीव्हीवर आला. ती पदर डोक्यावर घेऊन पडद्यासमोर उभी राही, बसे, गुडघे टेके. सोफ्यावर लोळून बघणाऱ्या नातवाला म्हणाली, "देवाला तिकडून दिसतंय." नातवानं कॅमेरा बंद असल्याचं सांगितलं. "त्याचा नसतो," ती म्हणाली.

पैशाच्या बाबतीत आणि आत्म्याच्या बाबतीत तिचा कुणावरच भरवसा नव्हता, पोटच्या मुलांवर तर नाहीच. अंत्यविधीची साडी तिनं आधीच काढून ठेवली होती, गायनाची यादी गायकवृंदाला दिली होती आणि त्यातलं एक गाणं हळू म्हणायचं नाही, अशी ताकीदही. ती गेल्यावर महिन्याच्या मिस्साचे पैसे भरायला थोरले काका चर्चच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी वही उघडून दाखवली. सातव्या दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा आणि पुढच्या 2 नोव्हेंबरचा, म्हणजे मृतांच्या दिवसाचा, सगळे मिस्सा आजीनं स्वतःच्या नावे आगाऊ भरून ठेवले होते. पावत्या 'सुवार्ता' मासिकाच्या जुन्या अंकात सापडल्या. सोबत आणखी एक पावती होती, काकांचं नाव घातलेली, बाकी कोरी.