कर नको, कपातही नको

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदणीकृत मतदाराला फोनवर विचारलं असतं, गव्हर्नर कसे वाटतात? काही खरं नाही! अर्थसंकल्पातली तूट भरायला कर वाढवू? नको. मग शाळांचा खर्च कापू? अजिबात नको. (तिथला गव्हर्नर निवडून येतो, आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून नेमलेला नव्हे. म्हणजे बोलणी खायला तोच.) २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधीच घरी पाठवून मतदारांनी त्यांच्या जागी सिनेमाच्या पडद्यावरचे श्वार्झनेगर आणले. मे २००९ मध्ये त्यांच्याच पाठिंब्याने अर्थसंकल्प सावरण्याचे सहा प्रस्ताव मतदानाला आले. पाच आपटले. मंजूर झाला एकच: तुटीच्या वर्षी लोकप्रतिनिधींना पगारवाढ नाही! जुलैत सरकारने कित्येकांची देणी ‘पैसे नंतर देऊ’ अशा चिठ्ठ्यांवर भागवली.