शिरवळ ते मिलान, व्हाया विटा

पुण्याहून येताना नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ. बहुतेकांना हे गाव चहा-वडापावाच्या थांब्यापुरतं माहीत. इतिहासवाल्यांना सुभानमंगळचा कोट आठवतो, गुरांच्या डॉक्टरांना पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि नोकरीवाल्यांना एमआयडीसी. आता त्यात एका इंटरनॅशनल इंटेरिअर स्टायलिस्टची भर पडली आहे. व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलंच आहे. खाली तीन गावं: शिरवळ, दुबई, मिलान.

दुबईला तो मावसभावाच्या टू-बीएचकेत पडदे लावायला गेला होता. मिलानला अजून गेलेला नाही. पण मिलानचं फर्निचर प्रदर्शन १९६१ साली सुरू झालं, हल्ली ते एप्रिलात भरतं, पॅरिसचं मात्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि सप्टेंबरात, हे तो अशा सुरात सांगतो, की ऐकणाऱ्याला पालीची आणि मांढरदेवीची यात्राच आठवावी.

मे महिन्यातही काळा लिननचा कुर्ता. गोल चष्मा. खिशात टेप कधीच नाही, कारण माप घेणं हे डिझायनरचं काम. डिझायनर भिंत पाडतो, सुतार कपाट करतो, रंगारी रंग देतो आणि या सगळ्यांची बिलं थकली की हा येतो, सोफ्यावरची उशी उचलतो, तिच्या डोक्यात तळहाताच्या कडेनं एक फटका मारतो आणि मागे सरून डोळे बारीक करतो. त्या फटक्याचे पैसे वेगळे.

ही जात हायवेलगतच्या गावांत आता सर्रास दिसते. ओळखायची खूण एकच: हा माणूस तुमच्या घरी नुसता बसू शकत नाही. पहिल्या घोटाला तो ‘छान आहे हं’ म्हणतो, दुसऱ्या घोटाला चहाचा ट्रे टीपॉयच्या कोपऱ्यात सरकवतो आणि कप रिकामा होईतो तुमच्या शोकेसकडे बघून हळहळायला लागतो.

शोकेस हा त्याचा जन्माचा वैरी. आमच्याकडे शोकेस म्हणजे घराण्याचा जाहीरनामा असतो. वरच्या खणात लग्नात आलेला आणि कधीही न वापरलेला टी-सेट, मधल्या खणात हाफपिच क्रिकेटच्या ट्रॉफ्या, संगमरवरी ताजमहाल, महाबळेश्वरहून आणलेली कोरीव काठी, मुलगी बालवाडीत असतानाचा अस्वलाचा टेडी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. याच्या मते हा सगळा ‘व्हिज्युअल नॉइज’. तो म्हणतो, पाचातल्या चार वस्तू काढा. पाचवीचं काय करायचं विचारलं, तर ती जरा तिरकी ठेवा.

त्याच्या कारकिर्दीतला एकमेव अभेद्य गड म्हणजे कालनिर्णय. टेडी निघाले, ताजमहाल निघाला, एका घरातून तर सासऱ्यांचा हार घातलेला फोटोही बेडरूममध्ये गेला. पण खिळ्यावरच्या कालनिर्णयाला हात घातला की घरातली बाई उठून उभी राहते. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅस कधी लावला ते असतं, चतुर्थी असते. याने मोबाइलमध्ये कॅलेंडर असतं म्हणून सुचवून पाहिलं. ‘मोबाइलात खाडे दिसतात का भिंतीवरून?’ असं उत्तर आलं. तेव्हापासून फोटो काढताना तो त्या भिंतीसमोर स्वतः उभा राहतो.

गावानं त्याची थट्टा केली नाही असं नाही. आपल्याच खंडाळा तालुक्यात, लोणावळ्याच्या नव्हे, २०१३पासून एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे; गोदरेजचे फ्रिज शिरवळात तयार होतात. निम्म्या घरांतली पोरं तिथल्या पाळ्यांवर जातात. रंग आणि कपाट या विषयांत त्यांना कुणी शिकवावं हे त्यांना पटत नाही. ‘शिरवळातून कुठं इंटरनॅशनल होतं का रं?’ असं पारावर विचारलं की याचं उत्तर ठरलेलं: औंध. पंतप्रतिनिधी भवानराव स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं आणि त्यात थेट हेन्री मूर यांचं शिल्प आहे. ‘सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगरावर हेन्री मूर येतो, मग मी का नाही जाऊ शकत?’ पारावरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘आलं ते राजाच्या पैशानं. तुझा राजा कोण?’

त्याला राजे सापडले ते सांगली जिल्ह्यात. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. कोलकात्याच्या गल्लीत आणि केरळच्या बाजारपेठेत विट्याकडची मराठी ऐकू येते ती त्यामुळे. हे गलाईवाले कमावतात तिकडे आणि बंगला बांधतात इकडे, गावात. बंगला उघडतो यात्रेला, नाहीतर घरच्या लग्नाला. बाकी वर्षभर आत राहतं ते मार्बल. आमच्या स्टायलिस्टला स्वर्ग दोन बोटं उरला. आत कुणी राहतच नाही! सोफ्यावर ओला टॉवेल नाही, टीपॉयवर गोळ्यांची पाकिटं नाहीत, कोचाखाली चप्पल नाही. त्याच्या धंद्याला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे घरात राहणारी माणसं, आणि विट्यानं तो अडथळा परस्पर दूर केला होता. तिथल्या कामाचे फोटो खरोखर देखणे आहेत. माणदेशातल्या सणगराकडून आणलेली काळी घोंगडी पांढऱ्या सोफ्यावर तिरकी टाकलेली, मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांकडचा तंबोऱ्याचा नापास भोपळा कोपऱ्यात, आत दिवा. उगाच नावं कशाला ठेवायची, त्याला नजर आहे. कुठली वस्तू कुठं गप्प बसेल आणि कुठं बोलेल हे त्याला नेमकं कळतं.

याच फोटोंवरून न्यू जर्सीतून पहिला फोन आला. तिकडच्या मराठी मंडळींशी त्याची व्हिडिओ-बैठक इथल्या सकाळी साडेसहाला असते, तिकडे उन्हाळ्यात तेव्हा रात्रीचे नऊ. वर लिननचा कुर्ता, खाली लुंगी, मागे मुद्दाम मोकळी ठेवलेली भिंत. तो तयारीनं बसला होता ‘काय काय काढायचं’ ते सांगायला. तिकडच्या ताई म्हणाल्या, ‘घर रिकामंच आहे हो. भरायचंय. आईच्या घरासारखं.’ त्यांना घंगाळ हवं होतं, पितळी समई, जातं, फडताळाचं दार, अडकित्ता, आणि शक्य असेल तर शंभर वर्षं जुनं.

शंभराला मात्र अडचण होती. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ताईंना जुनं हवं, कस्टमला नवं. त्यामुळे त्याच्या यादीतली प्रत्येक वस्तू आता बरोबर नव्याण्णव वर्षांची असते. दाखला त्याची आजी देते. ‘माझ्या सासूच्या लग्नातलं हाय,’ एवढं ती कुठल्याही वस्तूकडे बघून सांगते, मग ती वस्तू परवा भोरच्या बाजारातून आणलेली का असेना.

आजीला त्याच्या धंद्यातलं त्याच्यापेक्षा जास्त कळतं असा माझा संशय आहे. पँटोन नावाची कंपनी दर वर्षी जगाचा एक रंग जाहीर करते. २०२५चा होता तपकिरी, ‘मोका मूस’. २०२६चा पांढरा, ‘क्लाउड डान्सर’. याने दोन्ही वर्षांची पट्टी आजीसमोर धरली. ‘मंजी आधी श्यानानं सारवायचं, मग वर चुना द्यायचा,’ आजी म्हणाली. ‘आमची सासू दर दसऱ्याला ह्येच करायला लावायची. तिला किती मिळायचं रं ह्याचं?’

माल गोळा करायची त्याची पद्धत सरळ आहे. इथल्या घरात ‘हे काढा’ म्हणायचं, काढलं की ‘मी नेतो’ म्हणायचं, आणि मोडीच्या भावानं पैसे द्यायचे. म्हणजे शिरवळातला व्हिज्युअल नॉइज बोटीतून जातो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचेपर्यंत ‘हेरिटेज’ होतो. शेजारच्या काकूंच्या गच्चीवरचं तांब्याचं घंगाळ असंच गेलं. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. त्या पैशांत स्टीलचं पिंप आलं.

गेल्या गणपतीत काकूंच्या नणंदेच्या मुलीनं एडिसनहून घराचे फोटो पाठवले. दिवाणखान्यात गालिचा, गालिच्यावर घंगाळ, घंगाळात हिरवंगार नेच्याचं झाड. काकूंनी फोटो मोठा करून पाहिला. कडेचा पोचा ओळखीचा होता. तो त्यांच्याच थोरल्यानं लहानपणी चेंडूनं पाडलेला. त्या तडक त्याच्या घरी गेल्या. आता महाभारत होणार म्हणून आम्ही दोघं-तिघं मागोमाग गेलो.

‘अरे, ते माझं घंगाळ ना?’

‘हो काकू.’ तो जरा मागे सरला.

‘अरे मग सांगायचं नाही का? त्याला बुडाला भोक आहे! म्हणून तर दिलं मी. झाडाला पाणी घालेल ती, आणि एवढा महागाचा गालिचा कुजेल पोरीचा.’

‘भोकाचेच तर वीस डॉलर जास्त लावलेत, काकू,’ तो म्हणाला. ‘झाडाला निचरा नको? खाली ताटली दिलीय. तीपण तुमचीच.’